भरपाईचा आकडा कसा ठरतो

श्रोतेहो, नमस्कार.

उपचारात डॉक्टरांची किंवा रुग्णालयाची हयगय झाली, त्यातून रुग्णाला कायमची इजा झाली आणि अखेर दोन्ही बाजूंनी तडजोड करून दावा मिटवला, अशी बातमी वाचली की आपली नजर पहिल्यांदा रकमेवर जाते. कुणाला ती भरमसाट वाटते, कुणाला तुटपुंजी. ती कशी निघाली हे मात्र बातमीत क्वचितच असते. आज मी या रकमेविषयीच बोलणार आहे, कारण हा आकडा कशाकशाचा बनतो हे न समजता कागदावर सही करणारी कुटुंबे असतात आणि त्या अज्ञानाची किंमत त्यांना पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते.

यामागचे तत्त्व जुने आहे. 1880 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, कोळशासंबंधीच्या एका खटल्यात न्यायाधीश लॉर्ड ब्लॅकबर्न यांनी ते मांडले. चूक घडली नसती तर ती व्यक्ती ज्या स्थितीत असती, त्या स्थितीच्या पैशाने जितके जवळ नेता येईल तितके तिला न्यावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे येथे दोन आयुष्यांची तुलना करायची असते: आज वाट्याला आलेले आयुष्य आणि चूक झाली नसती तर जगता आले असते ते आयुष्य. या दोहोंतले अंतर पैशात मोजायचे असते.

वैद्यकीय दाव्यात ही तुलना अधिक अवघड होते, कारण रुग्णालयात येणारा माणूस मुळातच आजारी असतो. रस्त्यावरच्या अपघातात धडधाकट माणूस जखमी होतो. येथे आधीच्या आजाराने किती नुकसान होणारच होते आणि चुकीने त्यात किती भर घातली, हे वेगळे काढावे लागते. इंग्लंडमध्ये झाडावरून पडलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलाच्या मांडीच्या हाडाच्या दुखापतीचे निदान रुग्णालयाने पाच दिवस उशिरा केले आणि त्याला कायमचे अपंगत्व आले. वेळेवर उपचार झाले असते तरी तो बरा होण्याची शक्यता 25 टक्केच होती, असे न्यायालयात निष्पन्न झाले. खालच्या न्यायालयाने त्याला त्या प्रमाणात, म्हणजे पूर्ण भरपाईच्या एक चतुर्थांश रक्कम दिली. 1987 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीही रद्द केली, कारण पडण्यामुळेच हानी झाली असण्याची शक्यता अधिक होती. फ्रान्समध्ये मात्र बरे होण्याची हुकलेली संधी हेच एक नुकसान मानून तिचे मोल केले जाते. मला फ्रान्सची रीत अधिक न्याय्य वाटते. चारांतली एक संधी ज्याच्या हातून गेली, त्याचे काहीच गेले नाही असे म्हणणे मनाला पटत नाही.

आता रकमेच्या घटकांकडे वळू. झालेला उपचारखर्च आणि बुडालेला पगार यांचा हिशेब सोपा असतो. पावत्या आणि पगारपत्रके जोडली की झाले. मोठी रक्कम भविष्यातल्या देखभालीत असते, आणि तिथेच कुटुंबे कमी पडतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेत एका बाईंच्या उजव्या हाताचा मज्जातंतू दुखावला आणि बोटांतली पकड कायमची गेली. देखभालीच्या गरजांचा आराखडा करणारा तज्ज्ञ त्यांच्या घरी येऊन बसतो आणि सकाळपासून विचारत जातो. केस कोण विंचरते? कपड्यांची बटणे कोण लावते? औषधाच्या बाटलीचे घट्ट झाकण कोण उघडते? मुलाच्या बुटाची नाडी कोण बांधते? बाई सांगतात, ‘‘तसं काही नाही, घरातले करतात.’’ तज्ज्ञ मात्र प्रत्येक उत्तरापुढे मिनिटे लिहीत जातो. दिवसाचे तीन तास भरले तर वर्षाचे 1,095 तास होतात, आणि मदतनिसाच्या तासाच्या दराने त्यांना गुणावे लागते. घरच्यांनी प्रेमाने केलेल्या सेवेचेही मोल धरण्याची पद्धत इंग्लंडच्या न्यायालयांत रूढ आहे. म्हणून दावा करू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझे आग्रहाने सांगणे आहे की केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाइतकीच रोजच्या मदतीची एक साधी वही जपून ठेवा. ‘‘घरातले करतात’’ एवढ्यावरच थांबलो, तर ते सारे तास हिशेबातून गळून पडतात.

वर्षाचा खर्च ठरला तरी त्याला उरलेल्या वर्षांनी नुसते गुणून चालत नाही. एकरकमी मिळालेला पैसा गुंतवला जाईल आणि त्यावर उत्पन्न येईल, असे गृहीत धरून रक्कम कमी केली जाते; दुसरीकडे महागाई त्या पैशाची किंमत खाते. या दोहोंतल्या फरकासाठी एक दर धरतात, आणि दिसायला किरकोळ असलेला हा दर सगळा हिशेब फिरवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो सरकार जाहीर करते. मार्च 2017 पर्यंत तो 2.5 टक्के होता, मग एकदम उणे 0.75 झाला, म्हणजे महागाई उत्पन्नाहून जास्त धरली गेली; 2019 साली तो उणे 0.25 झाला आणि जानेवारी 2025 पासून शून्याच्या वर, 0.5 टक्के. चलन कोणतेही असो, वर्षाला 1 लाख खर्च आणि पुढची 30 वर्षे धरली, तर 2.5 टक्क्यांनी आजची रक्कम सुमारे 20.9 लाख निघते आणि उणे 0.75 टक्क्यांनी सुमारे 33.8 लाख. रुग्ण तोच, इजा तीच, गरजही तीच; तरीही बारा लाखांहून अधिक फरक. समोरच्या पक्षाने हा दर किती धरला आहे, हे वाटाघाटीत विचारायलाच हवे. माणूस हिशेबापेक्षा जास्त जगला तर पैसे संपतील, ही धास्ती टाळण्यासाठी मोठ्या दाव्यांत एकरकमी रकमेऐवजी, किंवा तिच्या जोडीला, आयुष्यभर दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची तडजोडही होते.

पुढे न मिळणाऱ्या कमाईचा अंदाज नोकरदाराच्या बाबतीत तरी बांधता येतो. लहान मुलाचे, विद्यार्थ्याचे किंवा घर सांभाळणाऱ्या स्त्रीचे काय? 1990 साली ट्यूमरच्या शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळा झालेल्या एका तरुण अभियांत्रिकी विद्यार्थ्याला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली 1 कोटी रुपये मंजूर केले. वार्षिक उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणण्याची, वाहन अपघातांच्या दाव्यांत रुळलेली रीत येथे पुरेशी नाही, असे त्या निकालात म्हटले आहे, कारण त्याची पुढची प्रगतीच खुंटण्याचा संभव होता आणि आयुष्यभराचा खर्च त्या सूत्रात मावत नव्हता. उत्पन्नाच्या दाखल्यावरच मोजमाप केले की ज्यांच्या श्रमाला पगार नाही त्यांचे आयुष्य कागदावर स्वस्त ठरते, आणि हा या पद्धतीतला मला सर्वांत जास्त सलणारा दोष आहे.

वेदना आणि जगण्यातला हरवलेला आनंद यांना बाजारभाव नसतो. अशा प्रकरणांतले आधीचे निकाल समोर ठेवून न्यायालये त्यांचा अंदाज करतात. काही ठिकाणी कायदाच कमाल मर्यादा घालतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 1975 साली अशा बिगर-आर्थिक नुकसानीसाठी 2,50,000 डॉलरची मर्यादा घातली आणि महागाई कितीही वाढली तरी ती 2022 अखेरपर्यंत तशीच ठेवली. 2023 पासून ती 3,50,000 आणि मृत्यूच्या दाव्यात 5,00,000 डॉलर झाली असून दरवर्षी टप्प्याटप्प्याने वाढते आहे.

तडजोडीचे गणित याच्याही पुढचे आहे. समजा, सगळे घटक मिळून दाव्याचे पूर्ण मोल 50 लाख निघाले, पण हयगय सिद्ध होण्याची शक्यता दोन्हीकडच्या वकिलांना 60 टक्केच वाटते. मग बोलणी 30 लाखांच्या आसपास घुटमळू लागतात. डॉक्टरांची किंवा रुग्णालयाची विमा कंपनी खटल्याचा खर्च आणि जोखीम तोलते, कुटुंब जाणारी वर्षे तोलते. ज्याला घरभाडे भरायचे आहे तो थांबू शकत नाही आणि समोरचा थांबू शकतो, एवढ्या एका कारणानेही रक्कम खाली येते. तज्ज्ञ डॉक्टरांचे स्पष्ट लेखी मत, शस्त्रक्रियेच्या नोंदीत नंतर केलेली खाडाखोड, विमा पॉलिसीची मर्यादा, रुग्णाने स्वतः औषधे अर्धवट सोडली होती का, या गोष्टींनी ती 60 टक्क्यांची शक्यता वर-खाली होते. हाती येणाऱ्या रकमेतून वकिलांची फी जाते, आणि काही देशांत उपचाराचा खर्च उचललेली विमा कंपनीही आपला वाटा परत मागते. न्यूझीलंडने 1974 साली दोष सिद्ध करण्याची अटच बाजूला सारून सार्वजनिक निधीतून भरपाई द्यायला सुरुवात केली. तिथे ही घासाघीस टळते, मात्र रकमा कायद्याने बांधलेल्या असतात.

सही करण्यापूर्वीची शेवटची बाब वेळेची आहे. तडजोडनाम्यात बहुधा ‘या घटनेतून उद्भवणाऱ्या आजच्या व पुढील सर्व मागण्या संपल्या’ अशा अर्थाचे कलम असते, आणि त्यानंतर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तरी दार पुन्हा उघडणे जवळपास अशक्य होते. म्हणून प्रकृती स्थिरावली आहे आणि यापुढे फारशी सुधारणा किंवा बिघाड अपेक्षित नाही, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत, दावा दाखल करण्याची मुदत सांभाळून, थांबावे. रुग्ण अल्पवयीन असेल तर अनेक देशांत आईवडिलांची सही पुरत नाही. न्यायाधीश तो कागद स्वतः वाचतात, पैसे कुठे आणि कुणाच्या नावावर ठेवणार हे विचारतात, आणि रक्कम अपुरी वाटली तर तडजोड नामंजूर करून परत पाठवतात.

नमस्कार.