महाडची अफवा आणि आपले मोबाइल

मंडळाचे अध्यक्ष आणि मंडळी,

आपल्यापैकी बरेच जण मूळचे कोकणातले, म्हणून भाषणस्वातंत्र्याविषयी बोलताना मी महाडपासूनच सुरुवात करतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव त्याआधीच झालेला होता. परिषदेतली भाषणे जळजळीत होती, तरी त्यांनी कोणाचे डोके फुटले नाही. डोकी फुटली ती ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ या अफवेने. जमाव मंडपावर चालून आला, जेवणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. मार खाल्लेली माणसे उलट चाल करायला निघाली असता आंबेडकरांनी त्यांना आवरले. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे फार झाली, हे मान्यच आहे; पण त्या निकालासाठी कोणाचा मुडदा पाडावा लागला नाही.

राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या कलम १९ मध्ये १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘गुन्ह्यास चिथावणी’ या मर्यादा आल्या, त्याबरोबरच निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अटही आली. यांतली चिथावणीची मर्यादा मला पटते. सुव्यवस्थेची मात्र सत्ताधाऱ्याला हवी तितकी ताणता येते, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली अग्रलेखांपायी सहा वर्षांची शिक्षा झाली, हे कोकणी माणसाने तरी विसरू नये. कडवट, उद्धट, भावना दुखावणारे बोलणेही बोलू द्यावे. त्याला उत्तर म्हणून हात उगारणारा, मग तो आपल्या पक्षाचा असो वा आपल्या जातीचा, गुन्हेगारच असतो.

आता थोडे आपल्याविषयी. शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्यांत कुरबुर होते आणि ‘त्यांनी पालखी अडवली’ असा कोणाचा तरी निरोप, खातरजमा न करता, आपण इथून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढकलतो, वर ‘आता गप्प बसू नका’ अशी ओळही जोडतो. महाडच्या अफवेत आणि या निरोपात मला फरक दिसत नाही. पालखी खरोखर अडली होती का, हे विचारायला गावी एक फोन पुरतो. तो न करता आपण झोपी जातो. तिकडे काठ्या निघाल्या, तर पोलीस ठाण्याच्या बाकावर रात्र काढतो तो आपला चुलतभाऊ.