वकिली एकट्याने शिकता येत नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलणार आहे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदा-विद्यार्थ्यांविषयी.

अ‍ॅडा लोइस सिप्युएल ही तरुणी १९४९ साली ओक्लाहोमा विद्यापीठात कायदा शिकायला गेली. त्या प्रवेशासाठी तिला थेट सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावावं लागलं होतं. वर्गात तिची जागा पार मागे, सगळ्यांपासून वेगळी, वर 'कलर्ड' अशी पाटी. कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी साखळी लावून वेगळा केलेला कोपरा, तिथे पहारा. पहारेकरी नसले की काही गोरी मुलं साखळीखालून सरपटत आत यायची आणि तिच्यासोबत जेवायची. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच जेवण.

कारण वकिली नुसत्या पुस्तकातून येत नाही. ह्यूस्टनचा पोस्टमन हेमन स्वेट याला टेक्सास विद्यापीठाने नाकारलं आणि सरकारने कृष्णवर्णीयांसाठी घाईघाईने वेगळं लॉ स्कूल काढून दिलं. थर्गुड मार्शल त्याचे वकील. हे तेच मार्शल, ज्यांच्या स्वतःच्या मेरीलँड राज्यातल्या लॉ स्कूलची दारं त्यांना बंद होती. १९५० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कृष्णवर्णीय सोडून टेक्सासच्या ज्या ८५ टक्के लोकांमधून उद्याचे बहुतेक साक्षीदार, ज्युरी, वकील, न्यायाधीश यायचे, त्यांनाच वगळून दिलेलं शिक्षण बरोबरीचं ठरूच शकत नाही. स्वेटला प्रवेश मिळाला. पण तब्येत ढासळली, संसार मोडला, आणि पदवी हाती न येताच तो बाहेर पडला.

प्रवेश मिळाल्यावर सोबतही लागते. १९६८ साली न्यूयॉर्क विद्यापीठात ए. जे. कूपर या विद्यार्थ्याने कृष्णवर्णीय कायदा-विद्यार्थ्यांची संघटना उभी केली, ती पुढे देशभर पसरली. तिचे अभिरूप न्यायालयाचे, म्हणजे लुटुपुटीचे खटले लढवण्याचे सामने होतात, एक गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाचा, एक मार्शल यांच्या. पण खरी मदत साधी असते. वरच्या वर्गातल्या मुलीने आपल्या नोट्स खालच्या वर्गाला देणं, प्राध्यापक अचानक उभं करून प्रश्न विचारतात तेव्हा काय करायचं ते सांगणं. घरात आधी कुणी वकील नसेल, तर हे सांगणार कोण?

आपल्या बाबासाहेबांचं या लढ्याकडे बारीक लक्ष होतं. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागण्यासाठी १९४६ साली त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

आजची काळजी आकड्यांत दिसते. प्रवेशात वंशाचा विचार करायचा नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल जून २०२३ मध्ये आला. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये त्या वर्षी पहिल्या वर्षाला ४३ कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी १९. तिथे पहिल्या वर्षाच्या सात तुकड्या असतात, एकेकीत ऐंशीच्या आसपास मुलं. म्हणजे त्या वर्षी तुकडीमागे दोघं-तिघं. पोलिसांच्या झडतीचा खटला चर्चेला आला की वर्गाच्या नजरा त्या दोघा-तिघांकडे वळणार, आणि आपल्या समाजाच्या वतीने उत्तर देण्याचं ओझं बाविशी-पंचविशीतल्या मुलांवर पडणार. अभ्यास करायचा, कर्ज फेडायचं, वर हेही. अशा वेळी नोट्स घेऊन शेजारी बसणारी ती वरच्या वर्गातली मुलगी तिथे असायला हवी, आणि मुळात तिला प्रवेश मिळायला हवा.