शेजारची जागा रिकामी

न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावातलं हे साधं बैठं घर. घर आईवडिलांचं, आणि दिवाणखान्यात माइक मांडून बसलाय त्यांचा मुलगा, रूडी व्हॅन गेल्डर. पोटापाण्यासाठी तो लोकांचे डोळे तपासतो, चष्म्याचे नंबर काढून देतो. उरलेल्या वेळात याच खोलीत ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डी होतात.

१८ नोव्हेंबर १९५७. 'कँडी' या रेकॉर्डची पहिली बैठक. ट्रम्पेट घेऊन उभा आहे फिलाडेल्फियाचा ली मॉर्गन. वय १९. अठराव्या वर्षीच नामवंत ट्रम्पेटवाल्या डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये गेलेला. दोनच महिन्यांपूर्वी इथंच सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन' या रेकॉर्डसाठी वाजवून गेलाय.

आजवर त्याच्या स्वतःच्या प्रत्येक रेकॉर्डवर सोबत सॅक्सोफोन होता. एकानं दम खावा, दुसऱ्यानं चाल पुढं न्यावी. आज ती सोय नाही. पियानोवर सॉनी क्लार्क, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर आर्ट टेलर. फुंकणारा एकटाच. आणि ट्रम्पेटवाल्याचा दम टिकला तरी ओठ आधी थकतात.

त्यात गाणी सगळ्यांच्या तोंडातली. 'कँडी', 'पर्सनॅलिटी'. 'ऑल द वे' तर फ्रँक सिनात्राच्या आवाजात त्याच वर्षी आलेलं, अगदी ताजं. जिमी हीथचं 'सी.टी.ए.' तेवढं जॅझवाल्यांचं घरचं. बाकी सगळी शब्दांची गाणी. शब्द काढून घेतल्यावर हातात उरते नुसती चाल. बंदिश जुनीच, गाणारा नवा, हा खेळ आपल्याकडच्या मैफिलीत बसणाऱ्याला काही वेगळा सांगायला नको.

आता त्याची बोटं बघा. मॉर्गनची एक लकब होती: व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रम्पेटची कळ, पुरता दाबायचाच नाही, अर्ध्यावर धरायचा. सूर चेपतो, जरा घोगरा होतो, मग सरकत सरकत आपल्या जागी येतो. मींडच म्हणा ना, फक्त पितळेतली. पण 'ऑल द वे' वाजवताना हा पोरगा घाई करत नाही, याचंच मला जास्त नवल वाटतं. एकोणिसाव्या वर्षी तानबाजी सुचते. थांबणं सुचत नाही.

दुसरी बैठक २ फेब्रुवारी १९५८ला झाली. दोन्ही मिळून सहा गाणी.

पुढं 'द साइडवाइंडर' या रेकॉर्डनं मॉर्गनला नाव दिलं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबात गोळी लागून तो गेला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. तोवर त्यानं स्वतःच्या नावावर पुष्कळ रेकॉर्डी केल्या. शेजारी सॅक्सोफोन नाही, अशी त्यांत दुसरी सापडत नाही.