थीसिस कधी ओरडत नाही

मागे उभे आहात ते या पुढे, जागा आहे. तर मला विषय दिलाय वेळेचं नियोजन, आणि खरं सांगायचं तर हे सांगायला मी अगदी चुकीची बाई आहे, कारण माझा स्वतःचा थीसिस ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा जमा झाला. पण ते दीड वर्ष गेलं कुठे हे मला नीट माहितीय, तेवढंच सांगते.

दुसऱ्या चॅप्टरमध्ये एक आलेख होता, सर म्हणाले त्यावरची अक्षरं जरा मोठी कर, बस. मी वहीत लिहिलं, अर्धा तास. बसले तर ज्या कोडने आलेख काढला ते कोडच सापडेना, फोल्डर तीन, 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल', मग कळलं एका कॉलममध्ये मिनिटं आहेत आणि दुसऱ्यात सेकंद. सोमवारी सुरू केलेलं गुरुवारी दुपारी संपलं.

आणि हे काही माझ्या एकटीचं नाही. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी थीसिस लिहिणाऱ्या पोरांनाच विचारलं होतं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं साधारण ३४, लागले ५५ च्या वर. गंमत पुढेच आहे, सगळं बिघडलं तर किती लागतील असंही विचारलेलं, त्याचं उत्तर ४९ च्या आसपास, म्हणजे वाईटात वाईट धरूनसुद्धा आठवडाभर कमीच पडला! आपण पुढचं काम डोळ्यासमोर आणतो, मागच्या वेळी किती वेळ लागलेला ते बघतच नाही. म्हणून मी वहीत दोन रकाने पाडले, अंदाज आणि प्रत्यक्ष. महिन्याभरात लक्षात आलं की पेपर तपासायचा माझा अंदाज बरोबर असतो, लिखाणाचा मात्र सरळ दुप्पट करायचा.

दुसरं म्हणजे, पेपर तपासले नाहीत तर विद्यार्थी दारात, कोर्सला तारीख, लॅब मीटिंगला तोंड दाखवायचं, घरचे फोन वेगळेच. थीसिस बिचारा गप्प असतो, म्हणून रोज तोच उद्यावर जातो. मी सकाळचे पहिले दोन तास त्याला दिले, मेल न उघडता. (ते पोमोडोरो टायमर, म्हणजे पंचवीस मिनिटं काम, घंटी, मग छोटी सुट्टी, मला लिहिताना जमले नाहीत, सूर लागेपर्यंत घंटी वाजते, पण पेपर तपासायला झकास.)

राहिलं 'नाही' म्हणणं, ते गाईडसमोर तोंडातून निघत नाही, तुमचंही निघणार नाही. सरांनी एकदा अजून एक काम दिलं तेव्हा मी हातातल्या सगळ्या कामांची यादी छापून नेली आणि म्हटलं, सर, हे घेते, यातलं मागे काय ढकलू? चष्मा पुसत बराच वेळ कागद बघत बसले, मग म्हणाले, "हा रिव्ह्यू मी दिला होता का तुला? सोडून दे, त्याची गरज कधीच संपली."

तो रिव्ह्यू मी सात महिने डोक्यावर घेऊन फिरत होते.