काकाजी, जरा हनुवटी खाली

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझा छोटासा फोटो स्टुडिओ आहे, २८ वर्षं झाली, आणि आज मला इथं बोलवलंय ते माणसांचे चेहरे काढायच्या कामाबद्दल बोलायला. आता रोज दुसऱ्यांना खुर्चीवर बसवणाऱ्याला माईकसमोर बसवलं की त्याचंही तोंड गिऱ्हाइकासारखंच होतं, ते तुम्हाला दिसत नाहीये हे बरंय. काचेपलीकडे साहेब बसलेत, ते हातानं खूण करतील तेव्हा थांबायचं असं ठरलंय.

आमचं रोजचं काम म्हणजे पासपोर्ट फोटो. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागं पांढरा पडदा, तोंड बंद, चला नेक्स्ट. पोट त्याच्यावर चालतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मन रमतं ते कोणी सांगतं ना, भाऊ, निवांत एक चांगला फोटो काढून द्या, तेव्हा.

त्यासाठी माझ्याकडे फ्लॅश आहेत, छत्री आहे, सॉफ्टबॉक्स आहे, पण माझा जीव आहे तो उत्तरेच्या खिडकीवर. त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. माणसाला खिडकीच्या कडेला बसवायचं, तोंड जरा उजेडाकडे, आणि दुसऱ्या बाजूनं पांढरा थर्माकोलचा तुकडा, म्हणजे अंधारातला गाल पण थोडा उजळतो. माझा तुकडा जुन्या मखराचा आहे, २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली त्याच्या आधीचा, जपून वापरून राहिलो. घरी मोबाईलवर काढत असाल तरी हेच करा, पुन्हा सांगतो, खिडकी कडेला, तोंड उजेडाकडे, दुसऱ्या बाजूला पांढरं काहीतरी, घडी केलेली चादर पण चालते. आणि खिडकीकडे पाठ करून बसवू नका बाप्पा, चेहरा काळा पडतो मग म्हणता मोबाईल खराब आहे. फोकस जवळच्या डोळ्यावर. त्या डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका दिसला की समजायचं फोटो जिवंत आहे.

मे महिन्यात मात्र आपल्याकडे ४५ डिग्रीत हे सगळं फेल जातं, माणूस खुर्चीवर बसेपर्यंत कपाळ चमकायला लागतं, म्हणून कूलर लागतो. आणि कूलरला वाळ्याचीच ताटी पाहिजे, ते हनीकॉम्बवालं पॅड नको. वर्षं टिकतं म्हणे, टिकू दे, त्याला वास आहे का? वाळ्याच्या वासानं माणूस आपोआप खांदे सोडतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. असो.

मोठ्या लोकांचं पाहून शिकायचं म्हणाल तर कार्श नावाचा एक फोटोग्राफर होता, कॅनडातला. ३० डिसेंबर १९४१ ला ओटावामध्ये चर्चिलसाहेबांचा फोटो काढताना त्यानं सरळ त्यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला, साहेब भडकले, आणि त्या भडकलेल्या चेहऱ्याचाच फोटो जगभर गाजला. माझी मजल गिऱ्हाइकाला तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, थुंकून यायला लावण्यापर्यंतच गेली. पण माझ्याही हाताला एकदा असा चेहरा लागला होता, आणि तो खुलवला मात्र मी नाही, ती गोष्ट सांगतो. घरचे म्हणतात मी ही गोष्ट लग्नात सांगतो आणि तेरवीलाही सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वीचं असेल. एक मुलगा पुण्याहून आला होता, वडलांची पंचाहत्तरी, मोठा फ्रेमचा फोटो पाहिजे. काकाजी एम्प्रेस मिलमध्ये लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर होते, तीच आपली १८७७ ला टाटांनी सुरू केलेली, आता तिथं मॉल झालाय. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण, गुडघ्यावर दोन्ही मुठी. मी म्हटलं काकाजी जरा हनुवटी खाली, तर पूर्ण मान खाली. म्हटलं हसा, तर दात दाखवले, दवाखान्यात दाखवतात तसे. नातवाबद्दल विचारलं, मिलबद्दल विचारलं, तर्री पोह्याबद्दल विचारलं, काही नाही. शेवटी म्हणाले, "भाऊ, मले नाई जमत हे." चाळीसेक फोटो झाले होते आणि चाळीसही एकसारखे.

काकू दाराजवळच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, आल्यापासून तोंडातून शब्द नाही. मी बॅटरी बदलायला खाली वाकलो, वर पाहतो तर काय, काकाजी हसून राहिलेले! आवाज नाही, नुसते खांदे हलून राहिले, डोळ्यात पाणी. मी पटापट तीन फोटो काढले. मागं वळून पाहिलं तर काकू पदर नीट करत होत्या, जसं काही झालंच नाही.

मग मी चलाखी केली. खिडकीशेजारी आमचा भांग पाडायचा आरसा आहे, त्यात दार दिसतं. लेन्स पुसायचं नाटक करत आरशात पाहत राहिलो. काकूंनी दोन बोटांनी हवेत मिशीला पीळ दिला, मग तळहात पालथा करून दोनदा दाबल्यासारखं केलं. इकडे काकाजी पुन्हा सुरू.

म्हटलं काकाजी, हे काय आहे? तर म्हणाले, लूम चालू असली का बाजूच्याचं पण आयकू येत नाही, तिथं सारं हातानंच बोलतात. काकू पण मिलमध्येच होत्या, रीलिंग खात्यात. मिशीला पीळ म्हणजे जॉबर, कामगारांवरचा मुकादम, येऊन राहिला. तळहात दाबला म्हणजे गप मान खाली घाल न् कामाला लाग.

आता मंडळी, तुम्हाला दिसत नाही, पण मला मिशी आहे. चांगली भरघोस. आणि अर्ध्या तासापासून मी त्या माणसाला मान इकडे, मान तिकडे, हनुवटी खाली करून राहिलो होतो.

मुलाला तो फोटो आवडला नाही. बाबा कॅमेऱ्याकडे पाहतच नाहीयेत, पडलेला दात दिसतो, म्हणे. त्यानं मुठीवाला नेला, १२ बाय १८, आणि चेहरा दोन शेड गोरा करून मागितला. हे गोरं करायचं खूळ कुठून आलं कोण जाणे, नागपूरच्या उन्हात पाऊण शतक काढलेला माणूस मैद्यासारखा दिसला तर शेजारी तरी ओळखतील का? पण केला, काय करता.

चार दिवसांनी काकू एकट्याच आल्या. म्हणाल्या, "तो हसरा पायजे. लहान दे, पाकिटात मावंल असा." म्हटलं काकाजींना माहीत आहे का, तर म्हणे त्यांनीच धाडलं. मी पासपोर्ट साईजमध्ये दोन कॉप्या काढल्या, एक यांना एक त्यांना. पैसे घेतले नाहीत तर दारातनं वळल्या आणि मला पाहून मिशीला पीळ दिला.

अजून चष्म्यावरची चमक कशी घालवायची ते सांगायचं होतं, पण काचेपलीकडून साहेब हात फिरवून राहिले. त्यांना मिशी नाही, तरी समजलं. नमस्कार.