सात दिवसांचं शिबिर आणि सत्तावीस महिन्यांची सोबत

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचा हंगाम तोंडावर आला आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले स्वयंसेवक इथे आहेत, म्हणून थेट कामाचंच बोलतो. शिबिरात एड्स जागृतीची फेरी निघते, चावडीपुढे पथनाट्य होतं, १ डिसेंबरला छातीवर लाल फीत लागते. हे सगळं व्हावं. पण सात दिवसांनी तंबू उठला की गावातल्या गरोदर बाईच्या हाती काय राहतं? माझी मागणी एवढीच आहे की दत्तक गावातल्या गरोदर बायांना शेवटपर्यंत सोबत करा. त्यासाठी लागणारा वेळ तुमच्याकडे आहे, आणि तो दुसऱ्या कोणाकडेही नाही.

हिशोब करून बघा. गरोदरपणाचे ९ महिने. आईला एचआयव्ही असेल, तर बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्याला होते. टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात. त्यानंतरही तपासण्या चालू राहतात आणि पक्का निकाल लागतो १८व्या महिन्यात, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तोवर बाळाच्या रक्तात राहू शकतात आणि साधी चाचणी फसते. ९ आणि १८, झाले २७ महिने. तुमची पदवी ३६ महिन्यांची. तेवढ्या काळात सिस्टरची बदली होते, समुपदेशकाचं कंत्राट संपतं, डॉक्टर पुढच्या शिक्षणाला जातात. तुम्ही मात्र त्याच तालुक्यातले, त्याच एसटीने जाणारे-येणारे.

सोबतीने फरक किती पडतो, तेही सांगतो. काहीच उपचार झाले नाहीत, तर एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ आहे. आईची गोळी वेळेत सुरू झाली, रोज चालू राहिली, जन्मल्याबरोबर बाळालाही औषध मिळालं, तर तेच प्रमाण पाचाच्या खाली येतं. ही एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. म्हणजे औषध आहे, पैसे लागत नाहीत, तरी एखादं बाळ का सुटतं? बहुतेक वेळा बाई वाटेत कुठेतरी हातातून निसटते म्हणून.

कुठे निसटते, ते खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून गाड्या भरून माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे सातवा महिना लागला म्हणून बाईला मागे फिरता येत नाही. तिची नोंदणी इकडे, पोट तिकडे. माता-बाल संरक्षण कार्ड कुडाच्या भिंतीला खोचलेल्या पिशवीत राहून गेलेलं असतं. तिकडच्या दवाखान्यात गेली तरी तिचा रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती होतं, एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) तपासणी झाली की नाही, काही कळायला मार्ग नाही.

ऊसतोड मजुरांच्या अशाच एका पडावावर एका बाईने पदराची गाठ सोडून मला लोहाच्या गोळ्यांची पट्टी दाखवली होती. गोळ्या नेमाने घेतलेल्या, पण रोज सकाळी कोऱ्या चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही. कार्डावर कोणीतरी तसं लिहूनही दिलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. आमच्यासोबतच्या पावरा या आदिवासी समाजातल्या मुलीने तिच्या शेजारी पाचटावर बसून तिच्या बोलीत दोन वाक्यांत ते समजावलं. गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. बाईने लगेच विचारलं, "आणि बाळाला चालेल ना?" हा प्रश्न तिने मला विचारला नसता. अहिराणी, भिली, पावरी या बोली ही तुमची खरी पात्रता आहे. अस्तंब्याच्या डोंगराच्या पायथ्याच्या बाईशी पुस्तकी मराठीत बोललात, तर ती मान हलवेल आणि विसरून जाईल.

जाता जाता आणखी एक. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. रक्त कमी दिसलं की नुसत्या गोळ्या वाढवून भागत नाही, ती तपासणीही झाली पाहिजे. कार्डावर ती नोंद आहे का, एवढं बघा. पुढचं डॉक्टर ठरवतील.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कोणाला एचआयव्ही आहे, हे तुम्हाला कळता कामा नये. विचारायचं नाही, अंदाज बांधायचा नाही, कोणी सांगितलं तर पोटातच ठेवायचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करू देत नाही, आणि तो कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते एकमेकांना कापतात, म्हणून ट्रकवाल्यांच्या बायकांकडे गाव आधीच बोट दाखवतं. त्यात आपली भर नको. म्हणून सोबत सरसकट करायची. गावातली प्रत्येक गरोदर बाई, मग ती पाटलाची सून असो की सालदाराची बायको. सगळ्यांनाच तपासणीला नेलं की कोणावर नजर जात नाही. उपकेंद्रात बोटाच्या रक्ताची चाचणी संशयास्पद आली, तरी तेवढ्यावर निदान होत नाही. पुढच्या केंद्रात पुन्हा तपासून मगच सांगतात. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तिच्या लेकराला घेऊन बसणं, एवढंच तुमचं काम. आतलं बोलणं समुपदेशकाचं.

आणि मुलांनो, नवऱ्यांशी तुम्ही बोला. आईची तपासणी झाली आणि बापाची राहिली, तर गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना नवी लागण होऊ शकते, आणि त्या काळात बाळाला धोका फार वाढतो. बाप्ये सापडतात कधी? होळीला. तिकडे काम कितीही असो, सातपुड्यातला माणूस होळीला घरी येतो. त्याआधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचे होळीचे बाजार भरतात. शिबिराच्या तारखा महाविद्यालयाच्या सोयीने ठरतात, त्या या वर्षी पाड्याच्या सोयीने ठरवा. दिवाळीआधी एकदा जा आणि निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या गाठोड्यात कार्ड गेलं का ते बघा; कार्डाचा फोटो आशाताईंच्या आणि नवऱ्याच्या मोबाइलवर असू द्या. होळीच्या आठवड्यात परत जा. तालुक्याच्या चाचणी केंद्राशी आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी त्या तारखा आत्ताच बोलून ठेवा, नाहीतर ऐन बाजाराच्या दिवशी किट नाहीत असं ऐकावं लागेल. आशाताईंकडे गरोदर मातांची यादी असते. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक गटाने आपापल्या दत्तक गावच्या आशाताईंना फोन करावा, मग आपण दुपारी तारखा फळ्यावर मांडू.