लुक्का शहराची मोलकरीण: संत झीटा

नमस्कार श्रोतेहो. मध्ययुगीन युरोपातले संत म्हटले की बिशप, मठाधिपती, राजेराण्या आधी पुढे येतात. आज मात्र एका मोलकरणीविषयी. नाव झीटा. इटलीतलं लुक्का शहर, तेरावं शतक. बाराव्या वर्षी ती फातिनेल्ली या व्यापारी घराण्यात कामाला लागली आणि १२७२ साली वारली तीही त्याच घरात. जन्मभर एकच घर.

तिची एक कथा मला फार आवडते. नाताळची आदली रात्र, कडाक्याची थंडी. झीटा सान फ्रेदियानो चर्चला निघालेली, अंगावर धड गरम काही नाही. मालकानं आपला फरचा कोट तिच्या खांद्यावर टाकला. "घाल. पण हरवलास तर याद राख!" चर्चच्या दारात एक भिकारी कुडकुडत होता. हिनं कोट काढून त्याला पांघरला. "प्रार्थना संपेपर्यंतच हं बाबा. कोट मालकांचा आहे."

लक्षात घ्या, दान नाही दिला, उसना दिला. कोट दुसऱ्याचा आहे हे ती विसरली नव्हती. (आहेरात आलेल्या साड्या पुढे सरकवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.)

प्रार्थना संपवून बाहेर येते तो भिकारी नाही नि कोटही नाही! मालक काय काय बोलला असेल, ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दारात एक अनोळखी माणूस उभा, हातात तोच कोट. कोट दिला आणि दिसेनासा झाला. लोक म्हणाले, देवदूतच तो. चर्चच्या त्या दाराला 'देवदूताचं दार' असं नावच पडलं.

आणखी एक कथा. ती प्रार्थनेत रमली, तेव्हा देवदूतांनी तिचे पाव भाजून ठेवले. आपल्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसतो, तसंच. दोन्हीकडे देवालाच यावं लागलं, घरातलं कुणी उठलं नाही!

रोमनं तिला संतपद दिलं १६९६ मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. सरकारी कामच म्हणायचं! लुक्कातले लोक थांबले नव्हते. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेनं आपल्या काव्यात लुक्काची ओळख दिली, ती झीटाच्याच नावानं.

घरकाम करणाऱ्यांची ती पाठीराखी. आणि हो, किल्ल्या हरवल्या तरी तिकडे तिलाच हाक मारतात.